अंगणातले पक्षी बघू की पुस्तक वाचू? एकाच खुर्चीत दोन्ही करा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे: नवीन घर घेतलंय, मागे छोटंसं अंगण आहे, दसरा ते दिवाळी जरा सुट्टी मिळतेय म्हणून पक्षी बघायला सुरुवात करावी असं मनात आहे. दोन रविवार बसून बघितलं तर कबुतरं आणि साळुंक्या सोडून काही दिसलं नाही आणि वीस मिनिटांत कंटाळा आला. दुसरीकडे मोबाईलमुळे वाचन सुटलंय ते परत सुरू करायचंय, पण सकाळचा एकच तास हाताशी आहे, मग कुठलं एक धरू? आणि शेवटी दुर्बीण कोणती, दाण्यांचा फीडर कुठला, पुस्तक कुठलं.

मी साताऱ्यात राहते. जुनं घर आहे, मागे परस आहे, त्यात एक शेवगा, पेरू, कढीपत्ता, जास्वंदाची दोन झुडपं आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं उंबर. वाचनालयात ग्रंथपाल म्हणून एकतीस वर्षं काम केलं आणि जवळपास तेवढीच वर्षं या परसातल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्यात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही अर्धे माझ्या रोजच्या जगण्यातले आहेत आणि म्हणून जरा लांब लिहिते.

मला वाटतं तुमची खरी अडचण वेळेची नाहीये. अडचण आहे ती नुसतं बसण्याची. हातात काही नसताना माणूस वीस मिनिटं एका जागी बसला की चुळबूळ करतो, मान वळवतो, उठून कुंपणापर्यंत जाऊन येतो, मोबाईल काढतो. अंगणातले पक्षी हे सगळं बघत असतात. त्यांना माणसाची भीती असते असं सरसकट नाही, भीती असते ती अचानक हलणाऱ्या माणसाची आणि त्याहून जास्त म्हणजे रोखून बघणाऱ्या माणसाची. पुस्तक घेऊन बसलेला माणूस मान खाली घालून असतो, फक्त पान उलटताना हात हलतो, तासभर जागा सोडत नाही. पंधरा मिनिटांत पक्षी त्याला कुंड्यांमधलीच एक धरून चालतात. परसात मी जे जे चांगलं बघितलंय त्यातलं निम्म्याहून जास्त मी वाचत असताना आपणहून समोर आलेलं आहे. म्हणून माझं उत्तर असं की दोन्हीतलं एक निवडू नका, त्या एका तासात, एकाच खुर्चीत, दोन्ही करा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते. तुम्ही गाव लिहिलेलं नाही. कोकणात असाल तर ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे झाडी दाट, पक्षी ऐकू जास्त येणार आणि दिसणार कमी. देशावर किंवा मराठवाड्यात असाल तर उघडं जास्त, तारांवर बसणारे पक्षी सोपे. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत असाल तर शेजारपाजारच्या दोनशे मीटरमध्ये किती जुनी झाडं आहेत यावर सगळं ठरतं, तुमच्या अंगणात काय लावलंय ते त्यानंतर. घरात मांजर आहे का, समोर मोठी काच आहे का, अंगणाला ऊन कुठून येतं, हेही बघायला लागेल. त्यामुळे मी सांगतेय ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही, पण त्यामागचं कारण लक्षात आलं की तुम्ही तुमच्या जागेपुरतं जुळवून घ्याल.

दोन रविवारी काहीच दिसलं नाही त्याला एक कारण ऋतूचंही आहे. लोक म्हणतात पावसाळा संपला की पक्षी दिसायला लागतात, ते खरं आहे पण अर्धंच, कारण आपले कायमचे रहिवासी या दिवसांत एकदम गप्प होतात. मे महिन्यात शिट्ट्या घालून गल्ली डोक्यावर घेणारा दयाळ आता झुडपाखालून नुसतं खरखरतो. कोकीळ आहे तिथेच असतो, उंबरं खात असतो, पण तोंड उघडत नाही. विणीचा हंगाम उरकलेला असतो, गाण्याचं काम संपलेलं असतं, बऱ्याच जणांची जुनी पिसं गळून नवी येत असतात आणि अशा वेळी ते फारसे पुढे येत नाहीत. काहींचा तर रंगच बदलतो. जांभळा शिंजीर म्हणजे तो इवलासा सूर्यपक्षी, उन्हाळ्यात चकाकणारा निळा-जांभळा असतो, आणि आता बघाल तर नर मादीसारखाच मळकट पिवळा झालेला, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ, कुणी पेनाने ओढल्यासारखी. परवा सकाळी तो माझ्यापासून चार हातांवर जास्वंदावर होता. जास्वंदाचं फूल केवढं मोठं, समोरून चोच घालायची म्हटली तर आत पोचत नाही, म्हणून हा देठाशी बसतो, फुलाच्या बुडाला बाजूने भोक पाडतो आणि तिथून मध ओढतो. त्या फुलांचं बुड नंतर हातात घेऊन बघा, टाचणीने टोचल्यासारखी खूण असते. जास्वंद असेल तर उद्याच बघा, पक्षी न दिसताही तो येऊन गेलाय हे कळतं.

म्हणजे घरचे गप्प, आणि पाहुणे नुकते यायला लागलेले. पाहुण्यांचं मात्र हेच दिवस. माझ्याकडे सगळ्यात आधी येतो तो करडा धोबी, बहुतेक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. परसात जुना धुण्याचा दगड आहे, आता त्यावर कुणी धुणं धुत नाही पण नळाचं पाणी ठिबकून तो ओला असतो, आणि हा पाहुणा नेमका तिथेच उतरतो, लांब शेपूट सारखी खाली-वर आपटत, शेपटीखाली लिंबासारखा पिवळा. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून येतो. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी लिहून ठेवलंय की ओळखीसाठी पायात कडं घातलेला एक करडा धोबी मुंबईतल्या एका लहानशा हिरवळीवर लागोपाठ काही हिवाळे परत येत राहिला. माझ्या दगडावर येतो तो दर वर्षी तोच का, हे मी सांगू शकत नाही, त्याच्या पायात कडं नाही. पण दगड तोच, आठवडा जवळपास तोच, आणि तो दिसला की मी आत जाऊन घरातल्यांना आला म्हणून सांगते आणि कोण आला हे कुणी विचारत नाही.

त्याच्यामागून हिरवट वटवट्या. हा बघायला अवघड आहे, आधीच सांगून ठेवते, नाहीतर हिरमोड होईल. पानांच्याच रंगाचा, सतत हलणारा, आणि वजन म्हणाल तर दहा रुपयांच्या नाण्याएवढं. पण दोन तुकड्यांतला त्याचा तो आवाज, चि-स्वीं, चि-स्वीं, एकदा कानात बसला की हिवाळाभर आंब्यावर, उंबरावर, रस्त्याकडेच्या वडावर तोच ऐकू येतो. हे वटवटे हिवाळ्यातही आपापली हद्द सांभाळतात, म्हणून एकदा तुमच्या झाडावर ऐकला की मार्चपर्यंत रोज ऐकाल. मग लाल कंठाची माशीमार, तपकिरी, छोटीशी, शेपूट वर उचलली की दोन्ही बाजूंनी पांढरं दिसतं आणि कुणीतरी काडेपेटी हलवावी तसा ट्र्र्र आवाज. थिरथिरा तिच्याही नंतर, त्याची शेपूट थंडी वाजल्यासारखी थरथरत असते म्हणून ते नाव. तारांवर भिंगऱ्या जमतात, हळद्या एखाद्या सकाळी पिवळा जर्द असा उंबरावर दिसतो, भोरड्यांचे थवे ज्वारीच्या शेतांकडे जाता-येता डोक्यावरून जातात. आणि काही जण परत निघालेले असतात. चातक पावसाबरोबर आफ्रिकेतून येतो तो याच सुमारास निघून जातो. नवरंग दक्षिणेकडे निघतो, रात्रीचा प्रवास करतो आणि कधी कधी दमून एखाद्या बाल्कनीत किंवा अंगणात पडतो. तसा सापडला तर पाणी-बिणी पाजू नका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात शांत ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. (नावांबद्दल एक. ही नावं गावागणिक बदलतात, तुमच्या आजीने वेगळं शिकवलं असेल तर तेही बरोबर धरा.)

आता फीडर. तुम्ही फीडर विचारलात आणि इथेच बहुतेक जणांचे पैसे जातात. इंटरनेटवर दाण्यांच्या फीडरबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं अमेरिका-इंग्लंडचं असतं. माझी भाची न्यू जर्सीत असते, तिच्याकडे ऑक्टोबरमध्ये पानं लाल होतात, जंको नावाचे छोटे राखाडी पक्षी उत्तरेकडून येतात, ते दाणेच खातात, पुढे बर्फ पडलं की त्यांना दाणा मिळणं कठीण होतं, म्हणून तिचा सूर्यफुलाच्या बियांचा फीडर तिथे योग्य आहे आणि तिच्या खिडकीत रोज जत्रा असते. आपल्याकडे येणारे पाहुणे मी वर सांगितले ते परत बघा: धोबी, वटवट्या, माशीमार, थिरथिरा. हे सगळे किडे खाणारे. तुम्ही बाजरी टाका, ज्वारी टाका, तांदूळ टाका, ते त्याच्याकडे बघणारही नाहीत. दाण्यावर येणार कोण, तर पारवे, ज्यांना आपण कबुतरं म्हणतो. मी स्वतः सुरुवातीला दोन हिवाळे रोज मूठ-मूठ बाजरी टाकली होती. पारवे चारचे चाळीस झाले, चिमण्या होत्या त्याही मागे हटल्या, आणि सांडलेल्या दाण्यावर रात्री घुशी यायला लागल्या. शेजारच्या काकूंना दम्याचा त्रास, त्यांच्या खिडकीवर पारव्यांची घाण साठायला लागली तेव्हा मी बंद केलं, आणि ते आधीच करायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पारव्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचे आजार होतात हे डॉक्टर सांगतात, मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांचा विषय हायकोर्टापर्यंत गेला तो याच कारणावरून. तेव्हा दाणा नको.

दाण्याऐवजी दोन गोष्टी करा, दोन्ही जवळजवळ फुकट.

पहिली, पाणी. ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पावसाची डबकी आटलेली असतात आणि दुपारी ऊन भाजून काढतं. मातीची पसरट परळ घ्या, कुंडीखाली ठेवतात तसली, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, त्यात एक-दोन खडबडीत दगड ठेवा म्हणजे छोट्या पक्ष्यांना पाय टेकता येतात. झुडपापासून पाच-सहा फुटांवर ठेवा, अगदी खेटून ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं आणि अगदी उघड्यावर ठेवलं तर छोटे पक्षी शिक्र्याच्या, म्हणजे एका शिकारी पक्ष्याच्या, भीतीने येत नाहीत. वरून एखादी पाण्याची बाटली बारीक भोक पाडून टांगली आणि थेंब-थेंब पडत राहिला तर आणखी चांगलं, पडणाऱ्या पाण्याचा आवाज लांबून ओढून आणतो. पाणी मात्र एक दिवसाआड ओतून परळ घासून पुसायची, यात सूट नाही, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ज्याला एक दिवसाआड घासणं जमणार नाही त्याने परळ ठेवूच नये असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवाळीची साफसफाई थोडी पुढे ढकला. घरातली नाही, अंगणातली. पावसाळ्यानंतर अंगणात गवत गुडघाभर वाढलेलं असतं, तुरे आलेले असतात, झाडांखाली पाला साठलेला असतो, आणि नेमकं दसऱ्यानंतर आपण माणूस लावून सगळं कापून, झाडून, पेटवून मोकळे होतो. त्या पाल्यात किडे असतात आणि किड्यांवरच हिवाळी पाहुणे जगतात. पाला जाळू नका, झाडाच्या बुंध्याशी ओढून ठेवा. फवारणी तर अजिबात नको. आणि गवताचा एक कोपरा, चार बाय सहा फुटांचा का होईना, कार्तिकी एकादशीपर्यंत राहू द्या. घरचे कुरकुर करतील, साप-विंचवाची भीती खोटी नाही, म्हणून पायवाट आणि दाराजवळचं साफ ठेवा आणि लांबचा कोपरा सोडा.

त्या कोपऱ्यात मी जे बघितलं ते सांगते म्हणजे पटेल. ठिपकेवाल्या मनोल्या, चिमणीहूनही लहान, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. यांची वीण ऑक्टोबरपर्यंत लांबते. एक मनोली गवताच्या पात्यावर बुंध्याकडे बसली, पातं एका कडेने चोचीत धरलं, चावून तोडलं आणि तशीच मान मागे ओढत वर सरकली तशी पात्याची अखंड पट्टी सोलून निघाली, फूटभर तरी असेल, तिच्या अंगाच्या तिप्पट. मग ती उडाली तेव्हा ती पट्टी मागे पताकेसारखी फडफडत होती आणि उडताना तिचा तोल एका बाजूला जात होता. शेजारच्या रातराणीत शिरली, दोन मिनिटांनी परत आली, त्याच गवतावर, आणखी एक पट्टी. त्या सकाळी मी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून पाऊण तास बसले होते आणि एक पान वाचलं असेल. गवत आदल्या दिवशी कापलं असतं तर यातलं काहीच नव्हतं.

दुर्बिणीचं थोडक्यात. आठ बाय बेचाळीस घ्या. आठ म्हणजे आठपट जवळ दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, त्यावर उजेड किती येणार ते ठरतं. दुकानदार दहापट, बारापट दाखवेल, पण जितकं मोठं दिसतं तितकी हाताची थरथरही मोठी होते आणि दिसणारा घेर लहान होतो, अंगणात पक्षी जवळ आणि चपळ असतात, घेर मोठा हवा. अंगणासाठी आणखी एक बघा जे कुणी सांगत नाही: दुर्बीण किती जवळचं फोकस करते. दोन मीटरपर्यंत येत असेल तर उत्तम, चार-पाच मीटरच्या आत येत नसेल तर जास्वंदावरचा शिंजीर धूसरच दिसणार. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करून चष्म्यासकटच लावून बघा, पूर्ण गोल दिसला तर घ्या. आणि दुर्बीण नसेल तर सुरुवात अडत नाही, माझी पहिली सहा वर्षं दुर्बिणीशिवाय गेली.

वाचता वाचता बघायचं तर चष्म्याचा एक त्रास होतो तो सांगते कारण चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला तो येणार. जवळचा चष्मा लावून वाचताय, पक्षी आला, मान वर केली तर सगळं धुकं, मग चष्मा काढा, दुर्बीण उचला, तोवर पक्षी गेला. मी प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे एकाच काचेतून जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसतं तशा, करून घेतल्या, ज्यांना ते सोसत नाही त्यांनी जवळचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवावा आणि दुर्बीण टेबलावर नाही, मांडीवर ठेवावी. मान सावकाश वर करायची. आधी डोळे, मग मान, मग हात.

आता पुस्तकं, आणि इथे ग्रंथपाल म्हणून बोलते. अंगणात वाचायचं पुस्तक वेगळं असतं. रहस्यकथा नको, तिच्यात अडकलात तर डोक्यावर धनेश येऊन बसला तरी कळणार नाही. जाडजूड वैचारिक ग्रंथही नको, दर वेळी मान वर केली की धागा तुटतो आणि चिडचिड होते. हवं असं की चार-सहा पानांत एक गोष्ट पुरी होते, कुठेही थांबता येतं आणि परत उघडलं की लगेच जोडलं जातं. ललित लेख, व्यक्तिचित्रं, पत्रं, प्रवासातल्या नोंदी, कविता. आणि या दिवसांत दिवाळी अंक! १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणसाला शरदात वाचायला ही सोय आहे आणि अंगणात बसून वाचायला याच्याइतकं सोयीचं काही नाही, एक कथा, एक पक्षी, एक लेख, चहा.

गेल्या दीड-दोन महिन्यांत मी काय वाचलं ते सांगते, त्यातून तुम्हाला काय आवडेल ते निवडा. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मी दर वर्षी वाचते, पण सलग नाही. ते १९५६चं पुस्तक आहे, चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख, आणि मी तो तो लेख त्या त्या महिन्यातच उघडते. आता आश्विन. लेख वाचायचा आणि मान वर करून आपल्या कुंपणावर त्यातलं काय आहे आणि काय राहिलं नाही ते बघायचं, हे मला इतक्या वर्षांनीही कंटाळवाणं झालेलं नाही. मग सालिम अलींचं आत्मचरित्र, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', १९८५चं, तिसऱ्यांदा. त्यांचं सुगरण पक्ष्यांवरचं काम मला तुमच्यासाठी आठवलं, कारण ते कुठल्या मोठ्या अरण्यात झालेलं नाही, अलिबागजवळ किहीमला ते काही काळ राहायला होते तेव्हा घराजवळच्या झाडावरची सुगरणींची वसाहत रोज बघून बघून १९३० साली त्यांनी शोधून काढलं की नर अर्धवट घरटं विणून ठेवतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. हाताशी दुसरी नोकरी नव्हती, बसून बघायला वेळ होता, आणि ते बघत राहिले.

आणि मारुती चितमपल्ली. २०२५च्या जूनमध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती, आणि तेव्हापासून त्यांची पुस्तकं मी परत एकेक काढतेय. आयुष्य वनखात्यात गेलं आणि त्यांनी जंगलातल्या लोकांकडून शब्द गोळा केले, नवे घडवले. कावळ्यांची वसाहत म्हणजे काकागार, बगळ्यांची म्हणजे सारंगागार. असा शब्द हातात आला की संध्याकाळी पिंपळावर जमणाऱ्या कावळ्यांकडे बघण्यात फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगते. ओळख पटवायला म्हणून सचित्र फील्ड गाइड एक हवंच, पण ते खुर्चीत उघडू नका. पक्षी समोर असताना पानं चाळायला लागलात की पक्षीही जातो आणि खुणाही लक्षात राहत नाहीत. आधी बघून घ्या: आकार चिमणीपेक्षा मोठा की लहान, शेपूट काय करते, जमिनीवर आहे की पानांत, आवाज. पुस्तक नंतर, घरात. मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, आपल्याकडच्या पक्ष्यांनाही चालतं. पण ते सुचवतं एवढंच धरा, डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नाव लिहू नका. आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, आणि तो उगाच धावपळ करतो.

नोंदींची माझी एक पद्धत आहे. वाचनालय कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जुनी कॅटलॉग कार्डं रद्दीत निघाली, कोरी पाठ असलेली, मी शे-दोनशे मागून घेतली. वाचायला घेतलेल्या प्रत्येक पुस्तकात एक कार्ड खूण म्हणून ठेवते आणि ते पुस्तक वाचत असताना जे दिसलं ते त्यावर लिहिते, तारीख, वेळ, पक्षी, काय करत होता, दोन-दोन ओळी. पुस्तक संपलं की कार्ड त्यातच राहतं. कधी कधी आठ-दहा वर्षांनी पुस्तक काढलं की कार्ड निसटून मांडीवर पडतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, नऊ ऑक्टोबर, पावणेआठ, पेरूवर चष्मेवाले सात, सगळे ओले. चष्मेवाला म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला छोटा पक्षी. तो जुना पेरू आता नाही. पुस्तकातला मजकूर मी विसरलेले असते, पण ते सात ओले चष्मेवाले जसेच्या तसे समोर येतात, आणि त्याबरोबर पुस्तकही थोडं थोडं परत येतं. तुमच्याकडे कॅटलॉग कार्डं नसतील, लग्नपत्रिकेची कोरी बाजू चालेल. हवं तर नंतर त्याच नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तिथे त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात, पंधरा मिनिटांची यादीसुद्धा चालते.

मग पहिल्या पंधरा दिवसांत नेमकं काय करायचं ते एकदा सलग सांगते. खुर्ची एकच, जागा एकच, पाठ भिंतीला आणि ऊन पाठीमागून येईल अशी, म्हणजे समोरच्या पक्ष्याचे रंग दिसतात, नाहीतर सगळे काळेच दिसतील. सकाळी साडेसहा ते साडेसात, आता सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो आणि नऊनंतर ऊन चढलं की सगळं थंडावतं. भडक कपडे नकोत. परळ आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. मोबाईल घरात, हे कठीण जाईल, पहिले चार दिवस हात खिशाकडे जाईल. पहिली पंधरा मिनिटं पक्ष्यांचा विचारच करू नका, फक्त वाचा. परिच्छेद संपला की सावकाश मान वर करायची, दहा श्वास बघायचं, परत खाली. रोज जमलं नाही तर आठवड्यातले चार दिवस धरा, पण वेळ तीच ठेवा, कारण पक्ष्यांची फेरी ठरलेली असते, माझ्याकडे सातभाईंची टोळी रोज सातला दहा मिनिटं कमी असताना कुंपणावरून कलकलाट करत जाते. मुलं असतील तर त्यांनाही त्यांचं पुस्तक घेऊन बसू द्या, गप्प बस म्हणून सांगावं लागत नाही.

आणि एक तारीख डोक्यात ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, ५ला चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ला सालिम अलींचा, म्हणजे हा आठवडा पक्ष्यांचा आहे तितकाच दोन लिहिणाऱ्यांचाही आहे. गावोगावी पक्षिमित्र मंडळी सकाळी फिरायला नेतात. तोवर तुमच्या अंगणातल्या दहा पक्ष्यांची ओळख झालेली असेल, मग त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या, ज्या आवाजाने तुम्हाला पंधरा दिवस छळलंय त्याचं नाव कुणीतरी चुटकीसरशी सांगेल.

तुमचं गाव आणि अंगणात कुठली झाडं आहेत तेवढं कळवा, दुर्बिणीचं बजेटही लिहा, मग आणखी नेमकं सांगता येईल. माझ्याकडे या वर्षी धोबी येऊन गेला, वटवट्या ऐकू येतोय, माशीमार परवा शेवग्यावर होती. थिरथिरा अजून आलेला नाही. त्याची ओळ कार्डावर मोकळी ठेवलीय, आला की इथेच लिहीन.